परत न आलेल्या पाच कॅसेट

माझा स्वभाव तोंडावर बोलायचा. लग्न होऊन बार्शीहून भूगावला आले तेव्हा तो सोबतच आला, आणि दुकान टाकल्यावरही काही कमी झाला नाही. ‘जुन्या व्हिडिओ कॅसेटची सीडी करून मिळेल’ असा बोर्ड मी २००४ साली लावला. लोक लग्नाच्या, मुंजीच्या कॅसेट घेऊन यायचे. कॅसेटला बुरशी धरलेली असली की मी सरळ सांगायचे, “ह्यात काही राहिलेलं नाही, घरी घेऊन जा.” माझा नवरा एकनाथ हिंजवडीला नोकरीला. तो म्हणायचा, गिऱ्हाइकाशी जरा गोड बोलावं गं. मला ते कधी जमलं नाही. एकदाच जमलं, आणि त्या एका वेळेचं अजून निस्तरता आलेलं नाही.

अमजदचाचा पहिल्यांदा आले ते २००५ च्या संक्रांतीच्या सुमाराला. साठीचा माणूस, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात पिशवीत गुंडाळलेली एक कॅसेट. पौडहून एसटीने आले होते. मी कॅसेट उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, “काय आहे ह्यात?”

“पिच्चर हाय. कॉमेडी.”

“मग त्याची सीडी बाजारात मिळते की. माझ्याकडे कशाला पैसे घालवता?”

“पिच्चर नको मला, ताई. पिच्चर संपल्यावर जे हाय ना, ते पायजे.”

माझ्याकडे त्या दिवशी काम पडलेलं होतं, म्हणून मी थोडी वसकलेच, काय ते नीट सांगा म्हणून. मग त्यांनी सांगितलं.

ऐंशीच्या दशकात पौडच्या एसटी स्टँडसमोर, राहत्या घराच्याच पुढच्या खोलीत, चाचांचं व्हिडिओचं दुकान होतं. मुलीच्या नावानं, सायमा व्हिडिओ. मुळशीतल्या वाड्यावस्त्यांवर पूजा असो की बारसं, चाचांचा टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने जायचा आणि सोबत विनोदी पिक्चर. लोकांना हसायचं असायचं, चाचांना हसवायचं असायचं. कॅसेट देताना ते आधी अर्धा पिक्चर हातवारे करून सांगत आणि मग म्हणत, पुढचं घरी बघा. पण लोक कॅसेट परत आणताना मागं फिरवून आणत नसत. पुढचं गिऱ्हाईक दारात उभं आणि हे बसलेत कॅसेट फिरवत, असं रोज व्हायचं. त्यावर त्यांनी एक युक्ती काढली. कॅसेट तीन तासांची आणि पिक्चर सव्वादोन तासांचा, म्हणजे शेवटी टेप कोरी उरते. कुणाच्या तरी लग्नासाठी पुण्याहून कॅमेरा भाड्याने आणला होता, त्याच दिवशी त्यांनी सात वर्षांच्या सायमाला दुकानात उभं केलं आणि तिच्याकडून वदवून घेतलं: “पिच्चर संपला. आता कॅसेट मागं फिरवून द्या. न्हाई दिली तर दुसरा पिच्चर मिळनार न्हाई.” एवढंच. सतरा सेकंद. ते त्यांनी दुकानातल्या सगळ्या कॅसेटच्या शेवटी उतरवून घेतलं. तालुक्यात लोक पिक्चर संपला तरी उठायचे नाहीत, म्हणायचे थांबा, अजून पोरगी यायचीय.

पुढच्याच वर्षी, सत्त्याऐंशीच्या पावसाळ्यात, ती पोरगी काविळीनं गेली.

गेली तरी गल्लीत कुणाच्या ना कुणाच्या घरातून तिचा आवाज यायचाच. चाचांची बायको बीबीजान कानांत बोळे घालून बसायची. शेवटी एक दिवस तिनं सांगितलं, तो आवाज बंद करा. चाचांनी आठवडाभर बसून एकेका कॅसेटचा शेवट पुसून टाकला. कॅसेटच्या कडेला प्लास्टिकची एक चिमुकली पट्टी असते, ती मोडली की वर काही उतरत नाही, म्हणून भाड्याच्या कॅसेटची ती त्यांनी आधीच मोडलेली होती. चाचांनी तिथं चिकटपट्टी लावून, वर कोरा अंधार उतरवून, स्वतःच्या हाताने मुलगी पुसली.

“मग आता काय हवंय?” मी विचारलं. माझा आवाज तोवर खाली आला होता.

“बीबीच्या डोळ्यांत काचबिंदू झालाय. पुन्याचा डाक्टर बोलला, उशीर झाला, जे गेलं ते काय परत येत न्हाई. उरलंय ते सहा म्हैने, लई तर वरीस. ती म्हनती, डोळं जायच्या आत मला सायमाला एकदा बगायचंय.”

“फोटो नाही?”

“फोटो हाय. फोटो नको म्हनती. ते कॅसेटमदलं बगायचंय म्हनती. बीबी दुकानात कदी बसली न्हाई, ते तिनं बगितलंच न्हाई. नुसता आवाज ऐकला.”

पुसायच्या वेळी पाच कॅसेट दुकानात नव्हत्या. लोकांनी नेल्या होत्या आणि परतच केल्या नव्हत्या. ज्यांनी चाचांना बुडवलं होतं, त्यांच्याच घरात आता सायमा शिल्लक होती. पाचही घरं चाचांना तोंडपाठ होती. हातातली कॅसेट त्यातलीच पहिली. पौडमधले रिटायर तलाठी बंडोपंत, त्यांच्या माळ्यावर मिळालेली.

ती मी तिथल्या तिथं लावली. पिक्चरमध्ये एक कंपाउंडर डॉक्टर बनून गावात येतो आणि ज्याला त्याला म्हशीचं इंजेक्शन देतो. लहानपणी बार्शीला मंगल कार्यालयात पोत्यावर बसून आम्ही असले पिक्चर बघितलेले. मला हसू यायला लागलं. ओठ चावले, तरी येईच. चाचा स्टुलावर ताठ बसून घड्याळ बघत होते. मी म्हटलं, शेवटाला नेऊ का डायरेक्ट? तर म्हणाले, नको, जुनी टेप हाय, पळवली तर तुटंल, सावकाश जाऊ द्या. सव्वादोन तास बसले. पिक्चर संपला आणि पडद्यावर क्रिकेटची मॅच सुरू झाली. बंडोपंतांनीही चिकटपट्टी लावून उरलेल्या टेपेवर मॅच उतरवून घेतली होती.

“बरं,” चाचा म्हणाले, आणि पिशवीची घडी घालून उठले.

दुसरी कॅसेट ताम्हिणीच्या बहिरूच्या ढाब्यावर होती. घाटातला पाऊस अठरा वर्षं खाऊन त्या टेपेवर पिठासारखी पांढरी बुरशी चढली होती. मी स्पिरिट लावून दोन दिवस पुसत बसले. लावली तर नुसत्या मुंग्या. तिसरं घर मुंबईला निघून गेलेलं, सामान भंगारात. चौथी कोळवणच्या धोंडाबाईकडे. तिनं टेप बाहेर काढून भाताच्या शेतावर पाखरं हाकलायला बांधली होती. वाऱ्यानं ती वाजते, पाखरं येत नाहीत. चाचा म्हणाले, “बाईनं मला शेतावर नेऊन दावली, ताई. एक तुकडा अजून काठीला हुता.” तो तुकडा त्यांनी खिशातून काढून माझ्या टेबलावर ठेवला. ह्याचं काही होतं का, हे त्यांनी विचारलं नाही, पण माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी नाही म्हणाले.

पाचवी माझ्या दुकानापासून दहा मिनिटांवर, भूगावातच. दादासाहेबांकडे. त्यांनी जमीन बिल्डरला देऊन बंगला बांधला होता. चाचा फेब्रुवारीतच त्यांच्याकडे जाऊन आले. दादासाहेब पायरीवरूनच म्हणाले, “तुमचा कुठला पिच्चर आमच्याकडं न्हाई. असता तर दिला असता. आमी काय चोर हाय का?” त्यांच्या बायकोनं, लीलाबाईंनी, बिचारीनं कपाटही उघडून दाखवलं. त्यात नुसत्या लग्नाबिग्नाच्या कॅसेट दिसल्या, म्हणून चाचांनी त्यांना हातही लावला नाही.

इथं खरं तर गोष्ट संपायला हवी होती. पण काचबिंदू थांबत नव्हता आणि चाचाही थांबेनात. जुलैमध्ये ते एक पोतं घेऊन आले. स्वतःच्याच दुकानातल्या, स्वतःच पुसलेल्या चाळीसेक कॅसेट. “रडत रडत पुसल्यात ताई,” ते म्हणाले. “येखादी चुकून राहिली आसंल.”

दर सोमवारी माझं दुकान बंद असायचं. त्या दिवशी आम्ही पिक्चर बघायचो. चाचा आता मिक्सर आणि इस्त्र्या दुरुस्त करायचे, त्यामुळं माझा व्हीसीआर तेच साफ ठेवायचे. सकाळी एक, दुपारी दोन. गव्हाच्या कणगीत लपलेला हवालदार. सासऱ्याला भूत लागलंय असं सोंग करणारे तीन जावई. एकाच मुलीला बघायला एकाच दिवशी आलेली दोन बिऱ्हाडं. शटर अर्धं उघडं असायचं, आणि नव्या सोसायट्यांमधली माझ्या वयाची माणसं आवाज ऐकून वाकून बघायची. अरे, हा पिक्चर! शाळेत असताना बघितलेला! मग आत येऊन उभी राहायची, हसून हसून डोळे पुसायची, पुढचा डायलॉग आधीच म्हणून दाखवायची, आणि हे सगळं चाचांच्या डोक्यावरून. मला त्यांना हाकलून द्यावंसं वाटायचं. पण चाचाच म्हणायचे, असू द्या, हसन्यासाठीच हाय त्ये. त्यांना प्रत्येक पिक्चर पाठ होता. हसण्याची जागा आली की ते मान खाली घालायचे, कारण तिथून शेवट किती मिनिटांवर आहे ते त्यांना माहीत होतं. शेवट आला की अंधार यायचा. प्रत्येक वेळी.

गणपतीत बीबीजानचा उजवा डोळा पूर्ण गेला.

नवरात्राच्या आधीच्या सोमवारी पोत्यात तळाशी एक कॅसेट खोक्यासकट निघाली. बाकीच्या कॅसेटची खोकी कुजली म्हणून चाचांनी घरीच टाकली होती. ह्या खोक्यावर चाचांच्या अक्षरात लिहिलं होतं: कीर्तन, लवळे.

“हे काय? कीर्तन कुठून आलं?”

“कीर्तन न्हाई त्ये. पिच्चरच हाय. तवा चोरून उतरवलेल्या कॅसेटवर धाडी पडायच्या. मी खोक्यावर खोटंच लिवायचो. सत्यनारायन, कीर्तन, आसलंच. पोलीस उगडून कुटं बगनार?”

मी त्यांच्याकडे बघत राहिले. “चाचा, दादासाहेबांच्या कॅसेटवर काय लिहिलं होतं?”

“त्या साली समद्यांवर लग्नच लिवलं हुतं. लग्न, घोटवडे. लग्न, चाले...”

“आणि तुम्ही त्यांना काय विचारलंत? लग्नाची कॅसेट आहे का विचारलंत, की पिक्चरचं नाव सांगितलंत?”

चाचांनी ते खोकं उलटं करून टेबलावर ठेवलं. टीव्हीत कुणीतरी कुणाला तरी खाटेखाली शोधत होतं आणि बाहेर दोन माणसं हसत होती. मी टीव्ही बंद केला. त्याक्षणी मला त्या माणसाचा इतका राग आला की काय सांगू. आणि मग स्वतःचा, कारण मीही तीन महिने सोमवारचे सोमवार हसत काढले होते आणि विचारलं मात्र आज.

मी तशीच उठून दादासाहेबांकडे गेले, लीलाबाईंनी पुन्हा कपाट उघडलं. त्यांच्या थोरल्याच्या लग्नाशेजारी, धाकटीच्या लग्नाशेजारी, ‘लग्न, घोटवडे’ उभं होतं. त्या म्हणाल्या, “ही कुनाची ते आमालाबी ठावं न्हाई. पर लग्नाची वस्तू फेकायची कशी, म्हनून ठिवली.” कोरड्या कपाटात, दोन साड्यांच्या मध्ये. फेब्रुवारीत चाचा ह्याच कपाटासमोर उभे राहून परत गेले होते. फेब्रुवारीत बीबीजान सुईत दोरा ओवत होती.

मी ती कॅसेट घाईनं लावली नाही. दोन दिवस साफ केली, मग चाचांना बोलावून लावली आणि लावतानाच कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. पिक्चर संपला. थोडा अंधार, आणि मग ती आली. चित्र लालसर पडलेलं, मानेखाली सगळं पुसट, पण चेहरा होता. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला. तोंड हलत होतं. आवाज नव्हता. टेपेवर चित्र मध्यावर असतं आणि आवाज कडेला, आणि खराबी नेहमी कडेनं आत शिरते. मी सगळे उपाय केले. खरखर सोडून काही आलं नाही.

पण पोरगी हसत होती. हे मी आज शपथेवर सांगते. ओठ मिटले तरी गाल वर, डोळे बारीक, आणि शेवटी तर ती खुदकन हसून कॅमेऱ्याच्या बाहेर पळाली. चाचा टीव्हीच्या काचेजवळ गेले आणि म्हणाले, “हसतीया बग, कशी हसतीया.” आणि मग ते जे रडले, ते मला बघवेना, मी शटरबाहेर जाऊन उभी राहिले.

पुढच्या सोमवारी ते बीबीजानला घेऊन आले. तिला आता दार कुठं आणि खिडकी कुठं, एवढंच कळत होतं. येण्याआधी चाचांनी मला गाठलं. “आवाज गेला असं तिला सांगू नका. तुमचं मशीन बिगाडलंय म्हना.” मी हो म्हणाले. मी, जी कुणाशी गोड बोलत नाही.

बीबीजानला मी टीव्हीसमोर अगदी जवळ बसवलं. हडकुळी बाई, डोक्यावरचा पदर नीट केला, हात मांडीवर. मी चालू केलं.

“आली का?”

“आली, चाची.”

“बोलती का?”

“बोलतेय. माझ्या मशीनचा आवाज बिघडलाय, म्हणून ऐकू येत नाही.”

“नीट दिसतं का?”

“अगदी स्वच्छ,” मी म्हटलं. आता सुरूच झाले होते.

“फ्रॉक कंच्या रंगाचा?”

मानेखाली तर सगळं लालभडक पुसट होतं. मी म्हटलं, “गुलाबी.”

“व्हय, गुलाबीच,” चाचा म्हणाले.

सतरा सेकंद संपले होते. चाचांनी पुन्हा लावायला सांगितलं, मी लावलं.

“हसती का रडती?” तिनं विचारलं.

“हसतेय,” मी म्हणाले. चाचाही म्हणाले. आम्ही दोघं एकदमच बोललो.

बीबीजाननं मान हलवली. मग आमच्याकडे न बघता, बघता येतच नव्हतं, ती सांगायला लागली. “गुलाबी फ्रॉक तिला कदीच न्हवता. त्या दिवशी तिनं भावाचा चेक्सचा शर्ट घातला हुता. झीशानचा. मीच घातला. सारखी खिदळायची, ह्यांचं काम हुईना, क्यामेरा परत द्यायचा हुता. मी आतनं आले नि तिच्या मुस्काटात मारली. पाच बोटं उटली. आनि म्हनलं, आता बोल. नि आत निगून गेले. मग ती बोलली. तो आवाज घोगरा यायचा. वरीसभर घराघरातनं मी त्यो ऐकला. मला तेवडंच बगायचं हुतं, तिच्या डोळ्यात पानी हुतं का न्हाई.”

“न्हवतं,” चाचा म्हणाले. “बीबी, खुदाची कसम, हसतीया ती.”

“चाची, खरंच हसतेय,” मी म्हटलं. “फ्रॉकचं मी खोटं बोलले, दिसत नाही म्हणून. आवाजाचंही खोटं. पण हे खरं आहे.”

तिनं हात पुढं करून माझा हात शोधला आणि थोपटला. “तुमी लई चांगली मान्सं हायसा,” ती म्हणाली.

मारल्याचं चाचांना आठवतच नव्हतं. ते कॅमेऱ्यात गुंतलेले असणार. आता आठवलं असं ते म्हणाले असते, तरी काय उपयोग होता?

सीडी मी त्यांना करून दिली. बीबीजाननं टीव्ही ओसरीत ठेवायला लावला. दारात जो येईल, भाजीवाली, पोस्टमन, मीटर बघणारा, त्याला ती विचारायची, ह्या पेटीत एक पोरगी हाय, ती काय करती? माणूस आधी आंधळ्या बाईकडे बघायचा, मग टीव्हीकडे, आणि म्हणायचा, हसतेय की. ती म्हणायची, बरं बाबा, आणि त्याला पाणी द्यायची. खरं उत्तर आणि गोड उत्तर एकच निघालं, मग तिनं विश्वास तरी कशावर ठेवायचा?

हे दोन वर्षं चाललं. मला रात्री झोप लागायची नाही. २००७ च्या दिवाळीत माझ्या डोक्यात आलं की लहान पोर खोटं बोलत नाही, हे तर तिला पटेल. माझी जुईली तेव्हा पाच वर्षांची. मी तिला घेऊन पौडला गेले. चाचा दारात होते, मी काही बोलायच्या आत त्यांना कळलं, आणि त्यांनी सीडी लावली. जुईली टीव्हीसमोर मांडी घालून बसली.

बीबीजाननं तिच्या केसांवरून हात फिरवला, वेण्या चाचपल्या आणि विचारलं, “ती पोरगी काय करती गं?”

“हसतेय,” जुईली म्हणाली. “तिचा दात पडलाय. आणि ती पळाली.”

बीबीजानचा चेहरा बदलला. ह्या दोन वर्षांत मी तो असा पाहिला नव्हता. तिनं जुईलीला जवळ ओढलं आणि अगदी हळू विचारलं, “तुला आईनं काय सांगून आनलंय का?”

जुईलीनं माझ्याकडे पाहिलं. एसटीत मी तिला म्हटलं होतं, आजी विचारतील ती मुलगी काय करतेय, जे दिसेल ते खरं खरं सांगायचं.

“हो,” जुईली म्हणाली. “बसमध्ये सांगितलं.”

बीबीजाननं तिचे केस नीट केले आणि तिला लाडू द्यायला सांगितलं. चाचा डबा आणायला आत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.